रिसबूड बाईंची लाल फुली

वसुंधरा रिसबूड यांना बाणांचं वेड होतं. धनुष्यातल्या नव्हे, कागदावरच्या. शाळेत त्यांना सगळे रिसबूड बाई म्हणत आणि पाठ वळली की पोरं ‘बाणवाल्या बाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं, पण तसं त्या कोणापुढे कबूल करणार नाहीत.

पनवेलच्या एका मराठी शाळेत त्या विज्ञान शिकवत. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या आणि संकल्पनाचित्र शिकून आल्या. तसं ते पाठ्यपुस्तकातही असतंच. धड्याच्या शेवटी चार चौकटी, तीन रेघा आणि खाली ‘पूर्ण करा’. मुलं गाईडमधून उतरवतात आणि सुटतात. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं. त्यांचं म्हणणं असं की चौकटीत नाव लिहायला काही अक्कल लागत नाही. शेवाळ, मॉस, नेचे, सायकस, आंबा ही नावं पोपटही पाठ करेल. अक्कल लागते ती एका चौकटीकडून दुसरीकडे जाणाऱ्या बाणावर काय लिहायचं याला. कशामुळे? कशापासून? काय वाढलं, काय सुटलं? “मुका बाण चालायचा नाही,” असं त्या म्हणत, आणि बाणावर शब्द नसला की वही परत भिरकावत.

वनस्पतींची उत्क्रांती शिकवायची आली की बाईंच्या अंगात यायचं म्हणा ना. जुन्या लग्नपत्रिका त्या वर्षभर जमवून ठेवत. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या करायच्या, एकेका चिठ्ठीवर एकेक नाव, आणि चिठ्ठीसोबत खरी वनस्पती हवीच. शेवाळ तलावाच्या पायऱ्यांवरून खरवडून आणायचं, मॉस शाळेच्या टाकीखालून, नेचे जुन्या विहिरीच्या कपारीतून आणि सायकसचं पान कोणाच्या तरी सोसायटीतून, वॉचमनचा डोळा चुकवून. मग वर्गातले बाक मागे सारून सगळा पसारा फरशीवर मांडायचा आणि खडूनं बाण काढायचे. बाणावरच्या शब्दावरून पोरं हमरीतुमरीवर येत. शेजारच्या वर्गातून निरोप यायचा, “बाई, जरा हळू.” बाई तिकडे साफ दुर्लक्ष करत.

भांडण मिटलं की त्या स्वतः खडू घ्यायच्या आणि सगळं एका ओळीत लावून दाखवायच्या. शेवाळ पाण्यातून निघालं. त्यापासून मॉस झालं, ते ओल धरून काठावर बसलं. मॉसपासून नेचे झाले, त्यांनी अंगात नळ्या काढून मान वर केली. नेच्यापासून सायकस झालं, त्यानं बी बांधलं. सायकसपासून आंबा झाला, त्यानं बी फळात झाकलं. प्रत्येक बाणावर ठसठशीत अक्षरात ‘पासून झाले’. फार सुरेख दिसायची ती ओळ. बावीस वर्षं बाईंनी ती लावली आणि बावीस वर्षं ती चुकीची होती.

पण हे सांगायचं तर आधी प्राचीबद्दल सांगायला हवं.

प्राची तुळशीराम घरत, पनवेलजवळच्या कोन गावची. आगऱ्याच्या घरातली पोर, मधल्या बाकावर बसणारी, बोलायला कमी आणि विचारायला जास्त. दहावीला असताना तिला झाडांचं असं काही खूळ लागलं की मधल्या सुट्टीत सगळ्या मुली चिंचा खायच्या आणि ही टाकीखाली उकिडवी बसून मॉसकडे बघायची. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून दरवर्षी एक संकल्पनाचित्र जायचं, ते कोणाचं हे बाई ठरवायच्या. त्या वर्षी प्राचीचं जाणार, हे अख्ख्या वर्गानं धरूनच ठेवलं होतं. बाईंनीसुद्धा.

प्राचीनं कार्डशीट आणली आणि टेबलावर पसरली. बाईंनी चष्मा सारखा केला. मॉस आणि नेचे एकाच रांगेत, शेजारी शेजारी. दोघांमध्ये बाण नाही. दोघांच्या खाली एक चौकट, आणि ती रिकामी. त्या रिकाम्या चौकटीतून दोन बाण वर गेलेले, दोन्हींवर लिहिलेलं, ‘यापासून निघालं आणि वेगळं झालं’. सायकस आणि आंब्याचंही तसंच. त्यांच्या खाली आणखी एक रिकामी चौकट.

“हे काय? नाव विसरलीस?”

“नाय बाई. त्याला नाव नाय. तो आता नाय, कवाच संपला.”

“संपला तर चौकट कशाला काढलीस?”

“होता ना पण तो.” प्राचीनं जीभ चावली, मग बोलतीच झाली. “आमच्या भावकीत बघा बाई. वरच्या आळीतले घरत नि खालच्या आळीतले घरत. नाकं सारखी, कपाळं सारखी. पण वरचे काय खालच्यांपासून झाले नाय, नि खालचे वरच्यांपासून नाय. दोघांचा मूळ पुरुष एक. त्याचं नाव आजीलापण ठाऊक नाय. देवात चांदीचा टाक हाय त्याचा, नाव नाय. पण तो होताच ना? नायतर आमी कुठून आलो?”

वर्ग फिदीफिदी हसला. बाईही हसल्या, हे त्यांना आजही आठवतं.

“तुमच्या आळ्यांची वंशावळ शास्त्रात आणू नकोस,” त्या म्हणाल्या. “रिकामी चौकट म्हणजे तुला उत्तर येत नाही. त्याला दुसरा अर्थ नाही.” आणि लाल पेन काढून त्यांनी दोन्ही रिकाम्या चौकटींवर फुल्या मारल्या. मॉसकडून नेच्याकडे एक सरळ बाण ओढला, त्यावर लिहिलं, ‘पासून झाले’. “सोमवारी नीट काढून आण.”

सोमवारी प्राची नवी कार्डशीट घेऊन आली. अक्षर जास्त सुबक, रंग जास्त छान, आणि रिकाम्या चौकटी होत्या तिथेच. बाईंचा पारा चढला. त्यांनी ती शीट अर्धवट बघूनच गुंडाळून ठेवली. प्रदर्शनाला हृतिक नावाच्या मुलाचं चित्र गेलं, सरळ ओळीचं, आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं.

पुढच्याच आठवड्यात तुळशीराम घरत शाळेत आला. पांढरा शर्ट, हातात वालाच्या शेंगांची पिशवी, पायातल्या चपला स्टाफरूमच्या बाहेर काढून ठेवलेल्या. त्याच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी मुलगी गेली नव्हती.

“बाई, आमाला यातलं काय कळत नाय. पोरगी सायन्सला जाते म्हणते. झाडांचं शिकायचं म्हणते, पार मुंबईला जाऊन. हिचा मामा म्हणतो बारावी झाली की उरकून टाका, स्थळ हाय. मी म्हटलं, बाईंना विचारतो. त्या म्हणतील तसं. खरं सांगा, पोरीत काय हाय का?”

टेबलावर चाचणीचे पेपर पडले होते, तास व्हायला पाच मिनिटं होती, आणि ती दुसरी कार्डशीट अजून बाईंच्या डोक्यात सलत होती. एवढंच कारण. दुसरं कारण बाईंनी नंतर खूप शोधलं, सापडलं नाही.

“हुशार आहे,” बाई म्हणाल्या. “पण हट्टी आहे. मुळातच चुकते आणि चूक मानत नाही. शास्त्रात असं चालत नाही. आर्ट्सला घाला, सुखी राहील.”

 तुळशीरामनं हात जोडले. “खरं बोललात, बरं झालं बाई. नायतर पोर उगाच धावली असती.” वालाची पिशवी ठेवून तो गेला. बाईंनी संध्याकाळी त्या शेंगा सोलल्या, चांगल्या कोवळ्या होत्या.

प्राची आर्ट्सला गेली. बारावी झाली, आणि दुसऱ्या वर्षी तुळशीराम लग्नाची पत्रिका घेऊन शाळेत आला. मुलगा भावेश, कळंबोलीचा, न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला, घर चांगलं. बाईंनी पत्रिका कौतुकानं वाचली. परीक्षेच्या दिवसांमुळे लग्नाला जाणं काही जमलं नाही. आणि जूनमध्ये नेहमीप्रमाणे त्यांनी जमलेल्या पत्रिका कापायला घेतल्या तेव्हा ‘चि. सौ. कां. प्राची’ हीसुद्धा कात्रीखाली आली. तिच्या सहा चिठ्ठ्या झाल्या. कागद जाड होता, त्या चार वर्षं टिकल्या.

प्राचीच्या दहावीला तेरा वर्षं झाली. बाईंच्या निवृत्तीला सहा महिने उरले असताना त्यांना पुन्हा एका प्रशिक्षणाला पाठवलं. या वयात कशाला, म्हणून त्या कुरकुरतच गेल्या. शिकवणारा राजस नावाचा तरुण, त्यांच्या मुलापेक्षाही लहान. बाई मागच्या रांगेत बसल्या आणि चहाच्या सुट्टीतला वडा थंड होईल का, याचा विचार करू लागल्या.

राजसनं पडद्यावर एक चित्र लावलं. शेवाळ, मॉस, नेचे, सायकस, आंबा. एका ओळीत. बाईंना बरं वाटलं.

“आपण सगळ्यात जास्त जी चूक शिकवतो ती ही,” राजस म्हणाला. “ही शिडी. आजचं मॉस हा आजच्या नेच्याचा आजोबा नाही, चुलत भाऊ आहे. दोघांचा पूर्वज एकच होता, तो केव्हाच संपला, त्याला आपण हातात धरून दाखवू शकत नाही. म्हणून संकल्पनाचित्रात तिथे चौकट काढायची आणि ती रिकामी ठेवायची. मुलांना सांगायचं, रिकामी आहे, पण इथे कोणीतरी होतं.” मग त्यानं हसत विचारलं, “खरं सांगा, शिडी कोण कोण शिकवतं?”

हशा झाला, बरेच हात वर गेले. बाईंचा हात वर गेला नाही. तो मांडीवर पडून राहिला, जड. त्यांच्या कानात एक मुलगी बोलत होती. वरच्या आळीतले, खालच्या आळीतले. वडा त्यांनी खाल्लाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या लोखंडी कपाटासमोर खाली फरशीवर बसल्या. प्रत्येक मुलाचं पहिलं आणि शेवटचं संकल्पनाचित्र जपून ठेवायचं, ही त्यांची शिस्त. समज किती वाढली ते दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. तेरा वर्षांपूर्वीचा गठ्ठा निघाला. प्राची घरतच्या पहिल्या शीटवर फुल्या होत्या. दुसरी गुंडाळलेलीच होती, बाईंनी ती आज पहिल्यांदा पूर्ण उघडली. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: ‘बाई, मी पुन्हा विचार केला. मला असंच वाटतं.’

बाई रडल्या. शिपाईबाई सुनीता दारात आली आणि तशीच मागे फिरली. बावीस वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं याचं दुःख नव्हतं असं नाही. पण ती मुलं केव्हाच विसरून गेली असणार, परीक्षा दिली आणि मोकळी झाली. पाठ केलेलं न लिहिता स्वतः विचार करून लिहिणारी एकच होती. तिचं बरोबर होतं, आणि तिलाच त्यांनी चुकीची ठरवून घरी पाठवलं.

घरी त्यांनी यजमानांना, इंद्रजीतरावांना, सांगितलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ.

“मी कोनला जाऊन तिचा पत्ता काढणार आणि तिची माफी मागणार आहे.”

“सांगून तिचं काय भलं होणार आहे, वसू? तुझं मन हलकं होईल, एवढंच.”

“चूक केली तर ती मानायला नको?” बाई कडाडल्या. इंद्रजीतरावांनी वर्तमानपत्र वर केलं.

रविवारी सकाळी बाई शेअर रिक्षातून कोनच्या नाक्यावर उतरल्या. एक्सप्रेसवेच्या बाजूनं वीस वीस मजली टॉवर उभे राहिले आहेत, पण आत वळलं की गाव अजून गावच आहे. घरतांचं घर विचारल्यावर एका बाईनं उलट विचारलं, “वरचे का खालचे?” बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, “तुळशीराम घरत.”

दार प्राचीनंच उघडलं. तुळशीरामचं नुकतंच बायपासचं ऑपरेशन झालं होतं आणि ती महिनाभर माहेरी राहायला आली होती. लेकीला, इराला, कळंबोलीला सासूजवळ ठेवून. प्राची अंगानं भरली होती, डोळे तेच.

“बाई! तुमी? अगंबाई, बसा ना. बाबा चालायला गेलेत, डॉक्टरांनी सांगितलंय रोज चालायचं. येतीलच.” तिनं पंखा लावला, पाणी दिलं, चहा टाकला. शाळेतल्या एकेका शिक्षकाची चौकशी केली. बाईंना ते सगळं ऐकवेना. कप हातात आल्या आल्या त्यांनी पिशवीतून दोन्ही शीट काढल्या आणि टेबलावर पसरल्या.

“ईई, काय अक्षर होतं माझं!” प्राची हसली. मग तिला फुल्या दिसल्या आणि ती हसायची थांबली.

बाईंनी रिक्षात पाठ केलेलं वाक्य म्हटलं. “प्राची, तुझं बरोबर होतं. या चौकटी रिकाम्याच असायला हव्यात. आता सगळीकडे असंच शिकवतात. चुकले होते ती मी. तुझी माफी मागायला आले आहे.”

 कुकरची शिटी झाली, प्राची उठली नाही.

“माझं बरोबर होतं?”

“हो.”

“नक्की ना बाई? परत बदलणार नाय ना?”

“नाही बाळ. नाही बदलणार.”

बाई थांबल्या. आता ती रडेल, मग आपणही रडू, ती म्हणेल जाऊ द्या बाई, आणि दोघींचं मन मोकळं होईल, असं त्यांनी मनात किती वेळा रंगवलं होतं. प्राची रडली नाही. तिनं बोटानं एका फुलीवरून रेघ ओढली, पुसून जाते का बघावं तशी.

“मला तुमचा राग नव्हता कधी,” ती म्हणाली. “आमच्या बिल्डिंगच्या भिंतीवर पावसात मॉस येतं. मी इराला दाखवते. म्हणते, हे बघ, याच्यापासून नेचे झाले. मी शाळेत चुकीचं काढलेलं, आमच्या बाईंनी सुधारून दिलं. तुमचं नाव सांगते मी तिला.” तिचा आवाज अजून सरळ होता. “आपल्या शाळेतली सुवर्णा बारावीला सायन्सला होती. ती पुढं शिकायला गेली तवा मला लई वाईट वाटलं. मग मी मला सांगितलं, तुझ्यात नव्हतंच काय, बाई खोटं कशाला बोलतील. लग्नात तेच सांगितलं. नंतरबी, जवा जवा काय वाटलं तवा तेच. त्यावर मी तेरा वर्षं नीट राहिले, बाई. सुखानं राहिले. आता तुमी येऊन म्हणता, होतं.”

“प्राची…”

“मग आता मी मला काय सांगू?”

 आयुष्यभर मुलांकडून बाईंनी बाणावरचा शब्द मागितला होता, आणि आज त्यांच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. त्या माफी मागायला आल्या होत्या आणि प्राचीजवळ उरलेलं एकमेव समाधान काढून घेऊन चालल्या होत्या. इंद्रजीतरावांचं म्हणणं अर्धंच खरं ठरलं, बाईंचं मनही हलकं झालं नव्हतं.

बाहेर चपलांचा आवाज आला. प्राची झटकन उठली, दोन्ही शीट तिनं गोळा केल्या आणि सोफ्याच्या गादीखाली सारल्या.

“बाबांना नका सांगू,” ती घाईनं कुजबुजली. “तुमच्या पाया पडते. त्यांना आता सोसायचं नाय.”

तुळशीराम आत आला. पार वाळला होता, शर्टाच्या उघड्या गुंडीतून छातीवरचा टाक्यांचा व्रण दिसत होता. बाईंना बघून त्याचा चेहरा असा उजळला की बाईंना तिथून पळून जावंसं वाटलं.

“बाई! आमच्या घरी! प्राची, चहा दिलास का? नुसता चहा काय, जेवूनच जातील.” तो खुर्चीत टेकला, दम खाल्ला. “तुमची आठवण रोज निघते. आस्पत्रीत पडलो होतो ना, तवा नाय नाय ते डोक्यात येत होतं. पोरगी इतकी शिकायचं म्हणायची, रडायची. म्हटलं, तुळश्या, तू पोरीचं वाटोळं तर नाय ना केलंस? मग तुमी आठवलात. म्हटलं, मी कुठं ठरवलं, एवढ्या शिकलेल्या बाईंनी बघून सांगितलं. तवा कुठं डोळा लागला.” त्यानं हात जोडले. मग मान जरा पुढे काढून, लहान मूल विचारतं तसं विचारलं, “बराबरच केलं ना बाई आपण तवा?”

प्राची स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती. तिचे डोळे बाईंवर होते.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. तुळशीरामच्या छातीवरच्या व्रणाकडे बघितलं. मग त्यांनी वर्गात लागायचा तो खणखणीत आवाज लावला.

“बरोबरच केलंत, तुळशीराम. तिला ते जमलं नसतं.”

तुळशीरामनं डोळे मिटून मान डोलावली. प्राची पुढे झाली, टेबलावरचे कप तिनं एकात एक घातले आणि कुकर बघायला आत गेली.